मगाच्या बुडाला लिहिलेलं

"रंग कधीपासून वेगळे दिसायला लागले?" डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

माझे दीर त्या यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवून बसले होते. "नक्की नाही सांगता येणार," ते म्हणाले. "वेगळे दिसतायत हेच मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं."

"तरी अंदाजे? नजर किती दिवसांत उतरली ते कळलं, तर ती परत येईल का हे मला थोडंफार सांगता येईल."

मागच्या स्टुलावरून मी म्हणाले, "मला सांगता येईल. तारखेनिशी. पण त्यासाठी दुकानात जाऊन यावं लागेल."

दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. मी पळतच निघाले. नाक्यावरच्या चाव्या करणाऱ्यानं काय झालं म्हणून हाक मारली, त्याला मी उत्तरसुद्धा दिलं नाही.

आमचं दुकान म्हणजे एक लांबट खोली आहे. पुढे काउंटर, मागे संगणक, प्रिंटर आणि भाजायच्या दोन प्रेस. लोक फोटो आणून देतात, आम्ही तो मगावर छापून देतो. आमचे हे लांब पल्ल्याची गाडी चालवतात, महिन्यातले चार दिवस घरी असतात, त्यामुळे दुकान माझं आणि ह्यांच्या धाकट्या भावाचं. भाऊजींनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, "घरात रागावणारं एक माणूस आहे, दुसरं झेपणार नाही."

ते माणूस मी. मी रागीट आहे, हे लपवण्यात अर्थ नाही, सगळ्या गल्लीला माहीत आहे. कामातला गबाळेपणा मला खपत नाही. माझा आवाज चढला की गिऱ्हाईक फोटोकडे बघायचं सोडून दाराकडे बघतं. भाऊजी मात्र पंधरा वर्षांत एकदाही उलटून बोलले नव्हते. मी तोंड सोडलं की ते खुर्ची वळवून शांत बसायचे आणि माझं संपलं की विचारायचे, "झालं? चहा ठेवू?"

कामं वाटलेली होती. गिऱ्हाइकाचा फोटो संगणकावर नीट करायचा, त्यातले रंग जुळवायचे, ही भाऊजींची बाजू. मगाला कागद गुंडाळायचा, टेप लावायची, प्रेसमध्ये भाजायचा, ही माझी. या शाईची गंमत अशी की कागदावर ती मळकट दिसते, उन्हात पडलेल्या वर्तमानपत्रासारखी. एकशे नव्वद अंशांवर तीन मिनिटं भाजली की तिची वाफ होते, ती मगाच्या लेपात शिरते आणि तेव्हा कुठे खरे रंग दिसतात. म्हणजे काही बिघडलं असेल तर ते आधी कळतच नाही. कळतं तेव्हा तो मग वाया गेलेला असतो.

वाया गेलेला मग मी फेकत नाही. त्याच्या बुडाला न पुसणाऱ्या पेननं लिहून ठेवते: तारीख, अंश, सेकंद आणि शेवटी कारण. काय चुकलं ते एका-दोन शब्दांत. असे मग एका फळीवर ओळीनं मांडलेले असतात. पुन्हा तसाच दोष आला की फळीवरचा मग काढायचा, बूड बघायचं आणि त्याप्रमाणे दुरुस्ती करायची. आजूबाजूचे छपाईवालेसुद्धा मला फोन करायचे. "वहिनी, काळा रंग तपकिरी येतोय." मी फोनवरच सांगायचे, जास्त भाजतोयस, वीस सेकंद कमी कर. मला त्याचा गर्व होता. दुकानात आमच्या दोघांत वाद झाला तरी तो बुडावरच मिटायचा. भाऊजी म्हणायचे, "लोक कोर्टात जातात, आम्ही मग उलटा करतो."

आणि चाचणीचा फोटो माझा होता. नवा कागद किंवा नवी शाई आली की आधी एका ठरलेल्या चेहऱ्यावर चाचणी घ्यायची असते, आणि तो चेहरा असा हवा की त्याचा खरा रंग छापणाऱ्याला पाठ असेल. भाऊजींनी फार पूर्वी दुकानाच्या दारात माझा एक फोटो काढला होता. मी कुणावर तरी ओरडून वळले होते आणि ह्यांनी काहीतरी म्हटलं म्हणून हसत होते. "हाच ठेवू," भाऊजी म्हणाले होते. "हा चेहरा दिवसभर समोर असतो, विसरायची सोय नाही."

जानेवारीत भाऊजींना क्षय निघाला. दोन महिने खोकला अंगावर काढला होता, त्याबद्दल मी त्यांना दवाखान्याच्या पायऱ्यांवरच झाडलं. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही, असं तिथल्या नर्सनं बजावलं. ते मी अंगावर घेतलं. रोज सकाळी सात वाजता मी स्वतःच्या हातानं त्यांच्या तळहातावर गोळ्या ठेवायचे आणि त्या पोटात जाईपर्यंत समोर उभी राहायचे. त्यांना मळमळायचं. कधी म्हणायचे, "आज राहू दे, वहिनी." मी म्हणायचे, "गिळा." एकही दिवस चुकू दिला नाही मी.

या गोळ्यांनी काय काय होऊ शकतं त्याचा एक छापील कागद नर्सनं दिला होता. मी तो दुकानात भिंतीवर चिकटवला, माझ्या दोष आणि उपायांच्या तक्त्याशेजारी, मगाच्याच टेपनं. पहिल्या ओळीत होतं की लघवी केशरी होईल, घाबरू नये. त्यावरून भाऊजींनी मला आठवडाभर हसवलं. "वहिनी, प्रिंटरबरोबर माझीही शाई बदलली." पुढच्या ओळी मी वाचल्या होत्या. वाचल्या आणि विसरले.

पहिला मग बारा मार्चचा. नवा कागद आला म्हणून माझ्या फोटोची चाचणी घेतली, तर माझे गाल जरा लालसर आले. शिवाय कडेला बारीक ठिपके. ठिपके म्हणजे कागदात ओलावा, हे या कामात कुणीही सांगेल. मी बुडाला लिहिलं, 'कागद दमट'. सगळा गठ्ठा ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकून पत्र्याच्या डब्यात बंद केला. ठिपके गेले. लाली गेली की नाही ते बघायला सवडच झाली नाही, कारण पुढचे चार दिवस एका वाहतूक कंपनीचं निळं-पांढरं चिन्ह छापायचं होतं. त्यात रंग जुळवायचे नसतात, ठरलेलेच असतात. ते उत्तम आलं. मला वाटलं, मिटलं.

एकोणीसला पुन्हा चेहरे आले. कुणाचे तरी आजी-आजोबा, दोघंही थोबाडीत मारल्यासारखे लाल. मगाच्या कानाजवळ छपाई फिकी होती. दाब कमी पडला की एक रंग चढतो आणि एक मागे राहतो, असं माझं गणित. लिहिलं, 'दाब कमी', आणि प्रेसचा स्क्रू आवळला. दोन एप्रिलला लिहिलं, 'लेप खराब', आणि मगांची अख्खी खेप बदलून घेतली. पंधराला 'शाई जुनी'. चारही बाटल्या ओतून दिल्या, प्रिंटरचं तोंड धुतलं, तपासणीच्या रेघा काढून बघितल्या. एकही रेघ तुटलेली नव्हती. सव्वीसला 'हीटर'. तापमापक उसना आणून प्रेसचा कोपरान् कोपरा मोजला, तर खालच्या बाजूला सहा अंश कमी भरले. मला केवढा आनंद झाला. म्हटलं, सापडला चोर.

प्रत्येक वेळी काही ना काही दोष खरोखरच सापडायचा. कागद दमट होताच. स्क्रू ढिला होताच. पंधरा वर्षं चाललेल्या दुकानात शोधायला बसलं की दोष निघतातच. मी ते दुरुस्त करत गेले आणि फळीवरचा माझा चेहरा दर मगाला आणखी लाल होत गेला. कारण दर चाचणीआधी भाऊजी तो फोटो नव्यानं उघडायचे. "जरा फिक्या वाटताय, वहिनी," असं म्हणून लाल रंग थोडा वाढवायचे.

मी मग त्यांच्यासमोर आदळायचे. "हे काय आहे? मला काय ताप आलाय?"

ते मगाकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे. "मला तर बरोबर वाटतंय. तुम्ही आहातच रागीट, लालच दिसणार."

मला वाटायचं चेष्टा करतायत.

बाकीच्याही गोष्टी होत्या. त्यांची खुर्ची पडद्याकडे सरकत चालली होती. पडद्यावरची अक्षरं त्यांनी मोठी करून घेतली होती. मोबाइलवर गिऱ्हाइकाचा संदेश आला की माझ्या हातात द्यायचे, "वाचा बरं, माझे हात शाईचे आहेत." मी धरून चालले की माणूस आजारी आहे, थकतोय, चष्मा लागला असेल. हातातलं काम संपलं की बघू. हातातलं काम कधी संपतं का?

मेच्या सुरुवातीला एका कारखान्याचं काम होतं. साठ कामगार, साठ मग, प्रत्येकावर ज्याचा त्याचा फोटो. दोन दिवसांनी मॅनेजर स्वतः खोकी घेऊन परत आले. काउंटरवर सहा मग ओळीनं मांडले आणि म्हणाले, "बाई, माझी माणसं कामावर पिऊन आल्यासारखी दिसतायत." मी माफी मागितली. मला तिची सवय नाही. सगळे परत छापून देते म्हणाले.

सहा मेला भाऊजी गोळ्या आणायला दवाखान्यात गेले होते. सकाळीच त्यांनी माझा फोटो पुन्हा जुळवून दिला होता आणि त्याचा मग पुन्हा लाल आला होता. दुकानात मी एकटी. कागद नवा, शाई नवी, मग नवे, हीटर नवा. बदलायला काही उरलंच नव्हतं. तेव्हा मी आजवर कधीच केलं नव्हतं ते केलं. माझा मूळ फोटो, भाऊजींचा हात न लागलेला, शोधून काढला आणि तसाच्या तसा छापला. तीन मिनिटांनी शिट्टी झाली, प्रेस उघडली, कागद सोलला. मी होते. सावळी, दात जरा पुढे, जशी आहे तशी.

माझं डोकं सणकलं. म्हणजे दोन महिने मी मशीनच्या मागे लागले होते आणि घोळ घालत होते भाऊजी. मी सकाळचा लाल मग उलटा केला. तारीख, अंश, सेकंद लिहिले आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'भाऊजींचा हलगर्जीपणा'. पेन इतकं दाबलं की त्याचं टोक बसलं.

भाऊजी आले ते घामाघूम, हातात गोळ्यांचा डबा. मी त्यांना बसूही दिलं नाही. दोन्ही मग टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "फरक सांगा."

"पाणी तरी पिऊ द्या."

"आधी फरक सांगा. दोन महिने मी कागद बदलतेय, शाई बदलतेय, हीटर बदलतेय. तुम्ही काय बदलत होतात ते मला आज कळलं."

त्यांनी एक मग उचलला, दारात उजेडाला नेला, परत आणला. दुसरा नेला. "थट्टा करताय का, वहिनी? दोन्ही एकच आहेत."

"एकच आहेत?"

"एकच आहेत की." आणि वाद झाला की आम्ही जे करायचो तेच त्यांनी केलं, लाल मग उलटा केला. बूड आधी डोळ्यांजवळ धरलं. नंतर हात लांब केला. नंतर मान वळवली आणि कोंबडी दाण्याकडे बघते तसं एका बाजूनं बघितलं. "काय लिहिलंय?"

"वाचा की. आता तेही मीच करू?"

"अक्षर बारीक काढलंय का आज?"

माझं अक्षर रोज तेवढंच असतं. पंधरा वर्षं ते वाचत आले होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. "भाऊजी, माझा ॲप्रन कुठल्या रंगाचा आहे?"

ते बघत राहिले. पुष्कळ वेळ बघत राहिले. "हिरवा," ते म्हणाले. "मीच आणलाय ना." ते त्यांनी आठवून सांगितलं होतं, बघून नाही. ते मलाही कळलं आणि त्यांनाही.

त्यांनी मगाच्या बुडावरून अंगठा फिरवला. "काय लिहिलंय याच्यावर?"

"तारीख," मी म्हणाले. "नुसती तारीख आहे."

नंतर मी भिंतीशी गेले. माझ्या तक्त्याशेजारचा तो कागद वाचला, पहिल्या ओळीपासून. सातवी ओळ होती: नजर धूसर झाली किंवा लाल आणि हिरवा रंग ओळखू येईनासा झाला, तर त्याच दिवशी या. त्याच दिवशी, असं होतं. मी ती मोठ्यानं वाचली, कारण भाऊजींना ती वाचता येत नव्हती.

"तुम्ही सांगायचं नाहीत का हो?" मी म्हणाले. आवाज चढवायला गेले, तो चढला नाही. "धूसर दिसतंय, एवढं तरी."

"धूसर वाटायचं," ते म्हणाले. "पण तुम्ही दर वेळी काहीतरी शोधून काढायचात. कागद, शाई, हीटर. मला वाटायचं, सापडलं. तुमचं कधी चुकत नाही ना."

मला त्या वेळी कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

तोवर त्या दिवशीचा दवाखाना बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी गोळ्यांचा डबा हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. नऊ वाजता डोळ्यांच्या डॉक्टरबाईंचं दार उघडायच्या आधी आम्ही पायरीवर होतो. बाईंनी ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, ठिपक्यांत आकडे दडवलेले असतात ते. पहिल्या पानावरचा आकडा भाऊजींनी सांगितला. तो सगळ्यांनाच दिसतो, असं नंतर कळलं. पुढची सगळी पानं त्यांनी "नुसते ठिपके" म्हणून उलटली. बाईंनी गोळ्यांची नावं बघितली, एकीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या की ही काही थोड्या लोकांच्या डोळ्यांच्या नसेवर उतरते, आधी लाल-हिरवा जातो, पाठोपाठ मधली नजर. आणि विचारलं, कधीपासून.

म्हणून मी पळत दुकानात आले होते. फळीवरचे लाल मग होते तेवढे खोक्यात भरले. तारखा बघून निवडायचंसुद्धा सुचलं नाही. खोकं छातीशी धरून परत पळाले, आत मग एकमेकांवर आपटत होते.

डॉक्टरबाईंनी ते टेबलावर काढले. माझा चेहरा, आजी-आजोबा, परत माझा चेहरा. त्यांनी तारखा बघून ओळ लावली. पहिल्या मगापासून शेवटच्यापर्यंत बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "असं कुणी आणून दिलं नव्हतं मला आजवर." त्यांची मदतनीस वही घेऊन बसली. बाई एकेक मग उलटा करून मोठ्यानं वाचायला लागल्या. बुडाला होतं तेवढं सगळंच.

"बारा मार्च. एकशे नव्वद, एकशे ऐंशी सेकंद. कागद दमट."

"एकोणीस मार्च. दाब कमी."

"दोन एप्रिल. लेप खराब."

"पंधरा एप्रिल. शाई जुनी. सव्वीस एप्रिल. हीटर."

तेव्हा मला आठवलं. मी उठले. पण टेबल मधे होतं आणि बाईंच्या हातात शेवटचा मग होता.

"सहा मे," त्यांनी वाचलं. "भाऊजींचा हलगर्जीपणा."

मदतनीस मुलीचं पेन थांबलं. "हे पण लिहू?"

"तारीख तेवढी लिही," बाई म्हणाल्या, आणि मग खाली ठेवला.

भाऊजींनी मान माझ्याकडे वळवली, म्हणजे माझ्या जरा बाजूला. "काल हेच होतं का?"

"हो," मी म्हणाले.

ते म्हणाले, "पण तारीखही होती. तेवढं खरं सांगितलंत."

बाईंनी बोटांवर मोजलं. बारा मार्च ते सात मे, बरोबर आठ आठवडे. त्या खोटा धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, पहिल्या मगाच्या वेळी आला असतात तर बहुतेक सगळं परत आलं असतं. आता काही सांगता येत नाही. ती एक गोळी आजपासून बंद, बाकीच्या चालू, आजच्यासुद्धा, दवाखान्याशी मी बोलते. वाट बघायची.

आम्ही वाट बघितली. जुलैत भाऊजींची छाती साफ निघाली. नर्सनं त्यांच्यापेक्षा माझंच कौतुक केलं, सहा महिन्यांत एक दिवस चुकला नाही म्हणून. मी तिच्यासमोर रडले. तिला वाटलं आनंदानं रडतेय, तिनं पाठीवर हात फिरवला.

डोळ्यांसाठी दर महिन्याला जायचो. दर महिन्याला ते ठिपक्यांचं पुस्तक आणि भिंतीवरची अक्षरं. वरचं एक मोठं अक्षर ते मान वाकडी करून सांगायला लागले, तेव्हा मी घरी येऊन ह्यांना फोन केला की येतेय, नजर येतेय. नोव्हेंबरात बाई म्हणाल्या, "जे यायचं होतं ते आलंय." ते एकच अक्षर होतं.

भाऊजींना समोर बघितलं की मधलंच दिसत नाही, कडा दिसतात. रस्त्यात चालता येतं, जेवता येतं, पायऱ्या उतरता येतात. वाचता येत नाही आणि माणूस ओळखता येत नाही. "तुमच्याकडे बघितलं की चेहरा जातो, वहिनी," त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं, मीच विचारलं म्हणून. "कान तेवढे राहतात. तेही बिनरंगाचे."

आता संगणकाशी मी बसते आणि भाजायचं काम ते करतात. गिऱ्हाइकाचा फोटो आला तसाच छापते, रंगांना हात लावत नाही. भाऊजी कागदाची कड अंगठ्यानं चाचपतात, मगाच्या कानापासून दोन बोटं मोजतात आणि टेप लावतात. माझ्याहून सरळ लावतात, खोटं कशाला सांगू. शिट्टी झाली की प्रेस उघडतात. मग कसा आला ते मला विचारतात. वाया गेलेल्या मगाच्या बुडाला मी अजून लिहिते, तारीख, अंश, सेकंद. कारण लिहीत नाही. तेवढी जागा कोरी सोडते.

आणखी एक बंद केलं मी. त्या दिवसापासून भाऊजींवर आवाज चढवला नाही. ठरवूनच. त्यांच्या हातून शाईची बाटली कलंडली, मी पुसली. मगांचं खोकं पडलं, मी तुकडे गोळा केले. बोलण्यासारखं असेल तेव्हा बोलायचे, नाहीतर गप्प. ह्यांनी चार दिवस राहून जाताना म्हटलं, "घर कसं शांत झालंय." मला वाटायचं, एवढं तर मी त्यांना देऊ शकते.

गेल्या आठवड्यात नवी शाई आली. चाचणी घ्यायची होती. मी माझा तोच फोटो छापला, भाऊजींनी कागद मगावर लावला, टेप ओढली. प्रेसमध्ये ठेवायच्या आधी ते थांबले. "वहिनी, आहात ना?"

"आहे की. इथंच आहे."

"रागावलाय का माझ्यावर?"

"मी कशाला रागावू?"

"मला कसं कळणार?" ते म्हणाले. त्यांचा आवाज साधाच होता, तक्रारीचा नव्हता. "आधी चेहरा बघितला की कळायचं. आता तोंड दिसत नाही, आणि बोलत तुम्ही नाही. सकाळपासून तुम्ही खोलीत असता, पण खोलीत कुणी आहे की नाही ते कळत नाही मला. दिवस दिवस असं असतं." त्यांनी मग टेबलावर ठेवला. "रागवा की जरा पहिल्यासारख्या. तुमचं काय जातंय?"

पंधरा वर्षं जे न मागता तोंडातून यायचं ते आता जिभेवर येईना. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मगावरचा कागद बघितला. केसाएवढाही वाकडा नव्हता.

"कागद तिरका लावलाय," मी म्हणाले. "लक्ष कुठंय तुमचं?"

त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, एकदा या टोकापासून, एकदा त्या टोकापासून. तो सरळ आहे हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

"हां," ते म्हणाले. "आणखी?"

"आणि टेप ढिली आहे. किती वेळा सांगायचं? एक काम धड होत नाही तुमच्याकडून."

ते हसले, माझ्या जरा बाजूला बघून. मग प्रेसमध्ये ठेवला, मूठ दाबली, बटण चाचपून लावलं. तीन मिनिटं होती. शिट्टी होईपर्यंत मी त्यांना रागवत राहिले.